मामांच्या रोजमेळातली तूट

पीठ चाळताना चाळणीत प्लॅस्टिकच्या पिशवीची गुंडाळी आली. वर रबर, आत नोटा, सगळ्या नोटांची तोंडं एका बाजूला. अशा नोटा आमच्या घरात एकच माणूस लावायचा. मोजल्या, 4,200 भरल्या. ह्याच 4,200 रुपयांवरून माझे सासरे आठ दिवस मला घरातल्या सगळ्यांसमोर चोर म्हणत होते.

पिठाच्या हातांनी तशीच त्यांच्या खोलीत गेले. "मामा, बघा, पैसे सापडले. पिठाच्या डब्यात होते." त्यांनी गुंडाळी घेतली, रबर काढलं, दोनदा मोजलं. मग माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "भ्या वाटलं म्हणून आणून ठिवलंस. ठीक हाय. मी कुणाला सांगत न्हाई."

ते रागावले असते तर मला इतकं लागलं नसतं. ते मला माफ करत होते.

ही 2021 सालची गोष्ट. मामांनी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात 38 वर्षं दिवाणजी म्हणून काढली. सौद्याची पट्टी, हमाली, तोलाई, कुठल्या शेतकऱ्यानं किती उचल घेतली, हरिपुरात कुणाच्या पेवात, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यात, किती पोती पडून आहेत, हे त्यांना वही न उघडता सांगता यायचं. संध्याकाळी रोजमेळ, म्हणजे दिवसाच्या जमा-खर्चाचा हिशोब, लागल्याशिवाय ते दुकान सोडत नसत. पाच रुपये कमी भरले तरी बसून राहायचे. लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी मला सांगितलेलं एक वाक्य अजून आठवतं: "तूट आपोआप येत नसती पोरी, ती कुणाच्यातरी हातनं येती."

विसरणं 2018 च्या सुमारास सुरू झालं. तोच प्रश्न पुन्हा विचारायचे, यार्डातल्या जुन्या ओळखीच्या माणसाचं नाव अडायचं. वय झालं म्हणून आम्ही सोडून दिलं. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आयर्विन पुलाखाली कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 45 फुटांची. गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरलं आणि आम्ही दहा दिवस विश्रामबागला नातेवाइकांकडे राहिलो. परत आल्यावर घरातली प्रत्येक वस्तू हलली होती. कपाट वेगळ्या भिंतीला, ट्रंक माळ्यावर, कागदपत्रं नव्या पिशवीत. आमच्यासाठी ती आवराआवर होती. मामांच्या डोक्यातला घराचा नकाशा मात्र त्या दहा दिवसांत पुसला गेला, तो पुन्हा बसलाच नाही. 2020 च्या सुरुवातीला अल्झायमरचं निदान झालं.

निदान झालं तेव्हा आम्हाला वाटलं, आता विसरणं वाढत जाईल, बस. संशय येईल हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून चोरीचा आळ आला तेव्हा त्याचा आजाराशी संबंध कुणी लावला नाही. मामा आयुष्यभर हिशोबात चोख. अशा माणसानं नाव घेऊन सांगितलं की लोक ऐकतात. नणंदेनं मला फोनवर विचारलं, "वहिनी, काही अडचण होती का? मागितले असते तरी दिले असते." त्या फोननंतर मी रात्रभर झोपले नाही. मिस्टरांनाही मी माझी बाजू पुन्हा पुन्हा समजावत राहिले, आणि समजावताना मलाच मी खोटी वाटायला लागले. ज्या सुनांवर आणि कामाच्या बायकांवर असा आळ आला असेल त्यांना हे कळेल. म्हणून हे लिहितेय.

सांगलीत काही अवघड झालं की पहिलं वाक्य येतं, "मिरजेला दाखवा." आम्हीही गेलो. मेंदूच्या डॉक्टरांनी मामांशी अर्धा तास गप्पा मारल्या, हळदीचे भाव विचारले, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं. मामांनी गोल छान काढला आणि बाराही आकडे एकाच बाजूला दाटीनं लिहिले. लघवी, रक्तातलं सोडियम, थायरॉईड, बी-12, सगळं तपासायला सांगितलं, कारण म्हाताऱ्या माणसाला लघवीतल्या साध्या संसर्गानंही दोन दिवसांत भ्रम होऊ शकतो, आणि तो बरा होण्यासारखा असतो. डोळे तपासायला सांगितले. कानही.

मी त्यांना एकच प्रश्न विचारला. "विसरले तर 'मी विसरलो' असं का म्हणत नाहीत? चोरलं असंच का म्हणतात?"

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. नववीला चेतापेशी शिकवताना फळ्यावर अक्षतंतू आणि वृक्षिका रंगीत खडूनं काढते. हे मी डॉक्टरांना सांगितलं होतं, म्हणून असेल, त्यांनी नीट उत्तर दिलं. पुढचे कित्येक महिने मी त्या उत्तराच्या मागे लागून वाचत राहिले. जे समजलं ते माझ्या शब्दांत सांगते.

एमआरआयच्या फिल्मवर डॉक्टरांनी कानशिलाच्या आतल्या बाजूला बोट ठेवलं. हिप्पोकॅम्पस. नवी आठवण तिथं नोंदली जाते, आणि अल्झायमरमध्ये तो भाग लवकर झिजतो. मामांनी नोटा पिठाच्या डब्यात ठेवल्या तेव्हा त्या ठेवण्याची नोंदच झाली नाही. पण आधीच्या जागी, म्हणजे गादीखाली, पैसे होते ही जुनी नोंद शाबूत होती. गादी उचलली, पैसे नाहीत. म्हणजे वहीत जमा आहे, गल्ल्यात रोख नाही. तूट.

इथवर फक्त विस्मरण आहे. निरोगी माणसाच्या मनातही पहिला विचार चोरीचा येऊ शकतो. पण लगेच दुसरा विचार येऊन त्याला अडवतो: थांब, तूच कुठं ठेवले असशील, ही सून वीस वर्षं घरात आहे. आलेल्या विचाराची अशी उलटतपासणी करण्याचं काम बरंचसं कपाळामागच्या भागाचं, त्यातही उजव्या बाजूचं. असे भ्रम असलेल्या अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूचे स्कॅन अभ्यासले गेले, तेव्हा उजवीकडच्या पुढच्या भागाचं काम मंदावलेलं पुष्कळदा दिसलं. म्हणजे मामांच्या बाबतीत दोन गोष्टी एकदम घडत होत्या. नोंद करणारा गेला होता, आणि नोंद तपासणाराही.

अल्झायमरच्या सगळ्याच रुग्णांना असं होत नाही. साधारण दहांतल्या चौघांना आजाराच्या कुठल्यातरी टप्प्यावर भ्रम किंवा भास होतात. भ्रम म्हणजे पक्की पण खोटी समजूत. भास म्हणजे नसलेलं दिसणं किंवा ऐकू येणं. भ्रम जास्त आढळतात, भास त्या मानानं कमी. मग चौघांच्या मेंदूत वेगळं काय असतं? अल्झायमरमध्ये दोन प्रथिनं बिघडतात. अ‍ॅमिलॉईड हे पेशींच्या बाहेर साचून पुटं धरतं, आणि टाऊला पेशीच्या आत पीळ पडून गाठी होतात. मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंमध्ये भ्रम झालेल्या रुग्णांच्या पुढच्या भागात टाऊचा बिघाड जास्त आढळला. अ‍ॅमिलॉईडचा असा सरळ संबंध लागत नाही. चेतापेशी एकमेकींना जिथं निरोप देतात त्या जोडांची, म्हणजे सिनॅप्सची, हानीही अशा रुग्णांत अधिक दिसते. काही कुटुंबांत हा कल जास्त असतो, म्हणजे जनुकांचाही त्यात हात आहे.

हे वाचताना एका जागी मी थांबले. 1901 साली जर्मनीत फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची 51 वर्षांची बाई दाखल झाली. तिला तपासणारे डॉक्टर म्हणजे अलोइस अल्झायमर. तिच्या आजाराची सुरुवात विसरण्यानं झाल्याची नोंद नाही. सुरुवात झाली ती नवऱ्यावरच्या संशयानं. 1906 मध्ये ती वारली, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अल्झायमरनी ट्यूबिंगेनच्या सभेत तिच्या मेंदूत दिसलेली पुटं आणि गाठी मांडल्या. म्हणजे ज्या पहिल्या रुग्णावरून ह्या आजाराची ओळख पटली, तिचं पहिलं लक्षणच संशय होतं. आणि 120 वर्षांनी आमच्या घरात आम्ही म्हणत होतो, विसरतात हे ठीक, पण संशय घेतात हा स्वभावच म्हणायचा. तो कागद मी छापून आणला आणि नणंद आली तेव्हा तिच्या हातात दिला. तिनं वाचला, माझा हात धरला आणि रडली. आमच्यातलं ते तिथं मिटलं.

औषधांचा भाग मला सविस्तर सांगायचाय, कारण तिथं आमचे दोन महिने वाया गेले.

अल्झायमरमध्ये अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन कमी पडतं. मेंदूच्या तळाशी मेनर्टचं केंद्र म्हणून पेशींचा एक पुंजका आहे. तिथून हे रसायन सगळ्या बाह्यकापर्यंत, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरापर्यंत, पोचतं, आणि तो पुंजका ह्या आजारात मरत जातो. लक्ष एका जागी धरणं, डोळ्यांना दिसलेल्यातून खरं-खोटं निवडणं, ह्याला हे रसायन लागतं. डोनेपेझिल हे औषध उरलेलं अ‍ॅसिटिलकोलीन लवकर मोडू देत नाही. मामांना ते चालू होतं आणि बरं चाललं होतं.

मध्येच लघवी आवरत नाही अशी तक्रार सुरू झाली. एका डॉक्टरांकडे दाखवलं, त्यांनी ऑक्सिब्युटिनिनची गोळी दिली. मूत्राशयाला आराम पडला. पण दहा-बारा दिवसांत संध्याकाळी मामा फाटकाकडे बघून म्हणायला लागले, "हमाल आल्यात बघ, मजुरी राहिलीय त्यांची." फाटकात कुणी नसायचं. त्यांना चार माणसं दिसायची, डोक्याला फडकी बांधलेली. मजुरी दिल्याशिवाय जेवायला बसायचे नाहीत. मला वाटलं, आजार पुढं सरकला.

मिरजेच्या डॉक्टरांनी गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावली आणि ती पट्टी उचलली. ऑक्सिब्युटिनिन अ‍ॅसिटिलकोलीनचं काम अडवतं, फक्त मूत्राशयात नाही, मेंदूतही पोचतं. एक गोळी रसायन वाढवत होती, दुसरी त्याच रसायनाची वाट अडवत होती. त्यात डोनेपेझिलनंही लघवीची घाई वाढू शकते, म्हणजे पहिल्या गोळीच्या त्रासावर दुसरी गोळी आली असण्याची शक्यता होती. ती बंद केली. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला, कारण डोळ्यांकडून अर्धवट माहिती आली की मेंदू उरलेलं चित्र स्वतः भरतो. फाटकाजवळ जास्त प्रकाशाचा बल्ब लावला. हमाल हळूहळू यायचे थांबले. ॲलर्जीच्या आणि झोपेच्या कितीतरी जुन्या गोळ्याही अशाच असतात, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी सगळ्या पट्ट्या एकदा एकाच डॉक्टरांसमोर ठेवाव्यात, एवढी विनंती आहे.

सगळ्यात कठीण दिवस त्यानंतरचे. एका रात्री मिस्टर कामावरून आले, मामांच्या पाया पडायला वाकले, तर मामांनी पाय मागे घेतले. मला बाजूला बोलावून कानात म्हणाले, "ह्यो आपला न्हाई. त्याच्यासारखा दिसतोय, पर आपला न्हाई. खरा कुठं हाय बघ." रोज रात्री हेच. मिस्टर आयडी कार्ड दाखवायचे, लहानपणच्या गोष्टी सांगायचे. मामा म्हणायचे, "समदं शिकवून पाठवलंय ह्याला."

ह्या भ्रमाला काप्ग्रा म्हणतात. 1923 मध्ये जोसेफ काप्ग्रा ह्या फ्रेंच डॉक्टरांनी त्याचं पहिलं वर्णन केलं. मामा चेहरा विसरले नव्हते. "त्याच्यासारखा दिसतोय" असं तेच म्हणत होते. चेहरा ओळखणारा भाग मेंदूच्या मागच्या-खालच्या बाजूला आहे. आपलं माणूस दिसलं की पोटातून जी ओळख वाटते, जिवाला बरं वाटतं, ती अमिग्डाला ह्या भावनांशी संबंधित भागाच्या आणि त्याभोवतीच्या जोडण्यांमधून येते. ह्या दोन भागांमधला निरोप तुटला तर चेहरा जुळतो, पण आतून काहीच हलत नाही. हुबेहूब मुलासारखा माणूस समोर उभा, आणि काळीज गप्प. मग मेंदू उत्तर काढतो: हा तोतया. आणि ह्या उत्तराला अडवणारा कपाळामागचा तपासनीस आधीच थकलेला. असे रुग्ण ओळखीचे चेहरे बघतात तेव्हा त्वचेवर घामाचा जो सूक्ष्म बदल आपोआप व्हायला हवा तो होत नाही, हे 1990 च्या दशकात मोजून दाखवलं गेलं.

त्याच दशकातलं, मेंदूशास्त्रज्ञ विलयनूर रामचंद्रन ह्यांनी लिहिलेलं एका रुग्णाचं वर्णन मी वाचलं. त्याला अपघातात डोक्याला मार लागला होता, अल्झायमर नव्हता. समोर बसलेल्या आई-वडिलांना तो तोतये म्हणायचा. पण तेच फोनवर बोलले की लगेच ओळखायचा, कारण आवाजाची वाट वेगळी आहे आणि ती तुटलेली नव्हती.

मी पुस्तक मिटलं आणि मिस्टरांना म्हटलं, उद्या घरात येऊ नका. फाटकातून फोन करा.

दुसऱ्या दिवशी साडेसातला मोबाईल वाजला. मी स्पीकर लावून मामांच्या हातात दिला. "आण्णा, मी बोलतोय. यार्डाच्या पुढं आलोय. भडंग आणू का?" मामांचा चेहरा माझ्यासमोर उजळला. "आण की. कांदा येगळा बांधून घे. लवकर ये, इथं कोणतरी रोज येऊन बसतंय." मिस्टर बोलत बोलतच पायऱ्या चढले, फोन कानाला, आवाज न तोडता, आणि दारात आले तेव्हा मामांनी त्यांच्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं, पुन्हा त्यांच्याकडे. "आलास व्हय," म्हणाले. मिस्टर तिथंच उंबऱ्यावर बसले. चप्पल काढायचं भान नव्हतं त्यांना.

रोज जमलं असं नाही. आठवड्यातून दोन-तीन वेळा तरी तोतया परत यायचाच. आमचा अल्झायमर आणि तो अपघात एक नव्हे, आणि मामांच्या बाबतीत हा उपाय किती दिवस टिकेल हे आधी कळायला मार्ग नव्हता. पण आरडाओरडा कमी झाला. आरशातला माणूसही मामांना परकाच वाटायचा, आणि कपाटाच्या आरशावर मी जुनी चादर टाकली तेव्हा "त्या म्हाताऱ्या"शी चाललेलं भांडणही थांबलं.

पुढं एका रात्री मामांनी तोतया म्हणून मिस्टरांवर काठी उगारली आणि स्वतः तोल जाऊन पडले. तेव्हा डॉक्टरांनी रिस्पेरिडोन ह्या भ्रमावरच्या औषधाचा विषय काढला. भ्रमात डोपामाईन ह्या मेंदूतल्या रसायनाचा भाग असतो: साध्या गोष्टीलाही 'ही महत्त्वाची, हिच्याकडे लक्ष दे' असा शिक्का बसत राहतो. हे औषध ती खूण पुसट करतं. पण त्यांनी धोका लपवला नाही. 2005 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 17 चाचण्या तपासून इशारा दिला होता की स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांत ह्या गटातल्या औषधांनी मृत्यूचं प्रमाण 1.6 ते 1.7 पट होतं. दहा आठवड्यांत साधारण 4.5 टक्के, औषध नसलेल्यांत 2.6. मी वहीवर लिहिलं: शंभर मामा औषधावर, शंभर मामा औषधाविना, दोन माणसांचा फरक. समोर काठी आणि पडून हाड मोडण्याची भीती. नणंदेला फोन लावला, तिघांनी मिळून ठरवलं. पाव मिलिग्रॅमपासून सुरुवात, दर पंधरा दिवसांनी तपासणी, आणि बंद कधी करायचं तेही त्याच दिवशी ठरवून घेतलं. अर्ध्या मिलिग्रॅमवर पाय घासत चालायला लागले, डोस खाली आणला. चौथ्या महिन्यात बंद केलं. संशय पूर्ण गेला नव्हता, काठी मात्र परत उचलली नाही. अंगात ताठरपणा, दिवसागणिक चढउतार आणि सुरुवातीपासूनच ठळक भास असतील तर लुई बॉडीचा आजार, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा वेगळा प्रकार, असू शकतो, आणि त्यात असल्या औषधांनी जिवावर बेततं, म्हणून त्यांनी ते आधी तपासलं होतं. हे आम्हाला नंतर कळलं. अशा डॉक्टरांबद्दल मनात कृतज्ञता आहे.

चोरीच्या आळावर मला सापडलेली वाट मामांच्याच धंद्यातली. मी त्यांना लाल कापडाच्या बांधणीची वही आणून दिली. पैसे, चावी, चष्मा, जे काही ते ठेवतील ते मी त्यांच्यासमोर वहीत मांडायचे, तारीख घालायचे, आणि ते खाली सही करायचे. शोधाशोध सुरू झाली की मी वाद घालायचे नाही. "मामा, रोजमेळ बघू या," म्हणायचे. माझ्या तोंडच्या शब्दावर त्यांचा विश्वास नव्हता, स्वतःच्या सहीवर होता. बोटानं ओळ न् ओळ वाचत यायचे, सहीपाशी थांबायचे आणि म्हणायचे, "हां. लागला."

आता आजार खूप पुढं गेलाय. संशय घ्यायलाही मेंदूत जी जुळवाजुळव लागते ती उरली नाही, त्यामुळे गेलं वर्षभर चोर नाही, तोतया नाही, हमाल नाहीत. वही मात्र संध्याकाळी मी त्यांच्या मांडीवर ठेवते. पेन हातात दिलं की हात आपोआप खाली उजव्या कोपऱ्यात जातो. सहीच्या जागी आता एक आडवी रेघ येते. मी तिच्या शेजारी तारीख लिहिते.